व्यवसाय अहवालासाठी संशोधन: खानदेशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल, शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवहार्यता अहवाल, एमबीएचा प्रकल्प किंवा कारखान्याच्या मालकाने मागितलेली बाजार पाहणी, असे काही हाती घेतलेल्यांसाठी ही उत्तरे आहेत. उदाहरणे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली आहेत. हिशेबाची आणि नीतीची रीत मात्र कुठेही हीच.

सुरुवात कुठून करायची? विषय ठरला आहे, पण पुढे काय ते सुचत नाही.

विषय ठरला म्हणजे प्रश्न ठरला असे नाही. "केळी प्रक्रिया उद्योगाचा अभ्यास" हा विषय आहे. त्यावर सहा महिने वाचत बसलात तरी अहवाल संपणार नाही. हा अहवाल वाचून कोण, कोणता निर्णय घेणार आहे, हे आधी एका ओळीत लिहा आणि त्यातून प्रश्न काढा. उदाहरणार्थ: "यावल-रावेर भागात रोज २ टन कच्ची केळी लागणारा चिप्सचा कारखाना टाकला, तर वर्षातले किती महिने केळी परवडणाऱ्या भावात मिळतील?" कारखाना वर्षाला ३०० दिवस चालला तर ६०० टन केळी लागतील. एवढे लिहिल्याबरोबर कोणते आकडे हवेत ते समोर येते: महिनावार आवक, महिनावार भाव, वाहतुकीचा खर्च आणि तोच माल घेणारे इतर खरेदीदार.

यानंतर अहवालातले तक्ते कोरे काढून ठेवा. रकान्यांना नावे द्या, आकडे रिकामे सोडा. जो रकाना भरल्याने निर्णयात काडीचाही फरक पडणार नाही, तो खोडून टाका. या एका कामाने प्रश्नावली बरीच आटोपशीर होते, आणि ज्या लोकांचा वेळ आपण घेणार आहोत त्यांचाही वेळ वाचतो.

आयती माहिती कुठे मिळते? सगळे स्वतःच गोळा करावे लागते का?

नाही. निम्म्याहून अधिक माहिती कुणीतरी आधीच गोळा केलेली असते. जिल्ह्याचे चित्र हवे असेल तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" आधी उघडा. लोकसंख्या, पिकांखालील क्षेत्र, रस्ते, बँका, कारखाने अशी तालुकावार माहिती त्यात एका जागी मिळते. शेतमालाची आवक आणि भाव राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर व केंद्राच्या ॲगमार्कनेटवर दिवसवार असतात. शेतातल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीतून (शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः केलेल्या नोंदीतून) सातबाऱ्यावर येते, पण ही पद्धत राज्यभर ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्याआधीचे पीकपेऱ्याचे आकडे तलाठ्याच्या पाहणीचे आहेत. दोन्ही एकाच आलेखात जोडले तर जो चढ-उतार दिसेल तो पिकाचा आहे की मोजण्याच्या पद्धतीचा, हे सांगता येणार नाही.

कंपन्यांची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळते. १०० रुपये भरून एखाद्या कंपनीने दाखल केलेले ताळेबंद आणि इतर कागद पाहता येतात. जैन इरिगेशनसारखी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचे वार्षिक अहवाल आणि तिमाही निकाल तर फुकटच वाचायला मिळतात. अडचण अशी की जळगाव एमआयडीसीतल्या चटई, पाइप आणि डाळीच्या धंद्यात बरेच जण भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीचे आहेत. त्यांचे ताळेबंद त्या पोर्टलवर नसतात. तिथे प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही.

आयत्या आकड्यांचा आणखी एक सापळा व्याख्येचा आहे. १ एप्रिल २०२५ पूर्वी सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटी रुपये होती, ती त्या दिवसापासून १० कोटी झाली. गुंतवणुकीची मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटींवर गेली. म्हणजे एकही नवा कारखाना उभा न राहता "सूक्ष्म उद्योग वाढले" असे दिसू शकते. आकडा उतरवताना त्याची व्याख्या आणि तारीख शेजारीच उतरवून घ्या.

जनगणना २०११ ची आहे. ती आता वापरावी का?

वापरावी, पण वर्ष लिहून. २०११ ला जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख ३० हजारांच्या आसपास होती, धुळ्याची साडेवीस लाख आणि नंदुरबारची साडेसोळा लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणून "सध्याची लोकसंख्या" असे लिहून २०११ चा आकडा देणे चूक आहे. अंदाज करायचाच असेल तर कोणता वाढीचा दर धरला ते सांगा आणि आकड्यापुढे "अंदाज" हा शब्द ठेवा.

सरकारी कार्यालय आकडे देत नाही. माहिती अधिकारात मागता येतील का?

येतील. माहिती अधिकार कायदा २००५ नुसार शुल्क १० रुपये आहे, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. माहिती कशासाठी हवी ते सांगण्याची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही किंवा पटले नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

अर्ज फसतो तो मागणीच्या भाषेमुळे. "तालुक्यात उद्योग का वाढत नाहीत ते कळवावे" असे विचारले तर उत्तर मिळणार नाही, कारण कायदा कार्यालयात असलेली नोंद देतो, मत देत नाही. "१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात अमुक योजनेत आलेले अर्ज, मंजूर अर्ज आणि नामंजूर अर्ज यांची तालुकावार संख्या" असे मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हे सांभाळा. दुसऱ्या एखाद्या कंपनीची व्यापारी गुपिते कलम ८ खाली नाकारली जाऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. वेळेचा हिशेबही आधी करा. अहवाल महिन्याभरात द्यायचा असेल तर अर्ज पहिल्याच दिवशी गेला पाहिजे.

बाजारभाव उतरवताना नेमके काय चुकते?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

केळीपासून सुरुवात करू. नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांची) आणि वापसी (कमी प्रतीचा, फेटाळलेला माल) यांचे भाव वेगळे असतात. नुसता "केळीचा भाव" लिहिला तर तो कशाचा हे वाचणाऱ्याला कळत नाही. रावेरचा भाव आणि शेजारच्या मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूरचा भाव हे दोन वेगळ्या बाजारांचे आहेत, त्यांची सरासरी काढू नका. जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव यांत तफावत असू शकते, तेव्हा दोन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा. वजनात दांडा धरला की वजा केला, कापणीची आणि भरण्याची मजुरी कोणावर, हे प्रत्येक वेळी विचारा. चिप्सवाल्याला कच्ची केळी लागतात आणि तो फेटाळलेला मालही घेतो. निर्यातदार मात्र निवडक फण्याच खोक्यात भरतो. दोघांचा भाव एका तक्त्यात आला की अहवाल तिथेच कोसळतो.

क्षेत्राचेही तसेच आहे. केळीवाला शेतकरी बहुधा एकरात बोलत नाही, खोडांत बोलतो. "पाच हजार खोडं आहेत" याचा अर्थ लागवडीच्या अंतराशिवाय लागत नाही. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे १,७४२ खोडे बसतात, सहा बाय पाचवर १,४५२. म्हणजे तीच पाच हजार खोडे एका शेतात २.९ एकर होतात आणि दुसऱ्यात ३.४ एकर. म्हणून खोडांची संख्या आणि अंतर हे दोनच प्रश्न विचारा, एकर तुम्ही काढा. कुणी बिघ्यात सांगितले तर तुमच्याकडे एक बिघा म्हणजे किती, हे त्याच माणसाकडून विचारून लिहा.

नंदुरबारच्या मिरचीत ओली लाल की सुकी, हे लिहिले नाही तर पथारीवर वाळून घटलेले सगळे वजन हिशेबातून निसटते. जळगावच्या सराफ्यात दहा ग्रॅमचा भाव ३ टक्के जीएसटीसह की त्याशिवाय, हे विचारावे लागते. दुधाच्या दरापुढे फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) यांची टक्केवारी हवी. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे नेहमीचे माप. कापसाच्या हमीभावापुढे हंगाम आणि धाग्याचा प्रकार हवा: लांब धाग्याला २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होते, २०२५-२६ ला ८,११०. हंगाम न लिहिता "हमीभाव" म्हटले की ५८९ रुपयांचा घोळ झालाच.

धंद्याची उलाढाल विचारली की लोक खरे सांगत नाहीत. मग करायचे काय?

आधी हे समजून घ्या की न सांगण्याला कारण असते. विचारणारा कर खात्याचा आहे की शेजारच्या कारखान्याचा, हे समोरच्याला माहीत नसते. म्हणून नेमका आकडा मागूच नका. "५० लाखांपर्यंत, ५० लाख ते २ कोटी, २ ते १० कोटी, त्याहून जास्त" असे गट दाखवा आणि बोट ठेवायला सांगा. हा प्रश्न शेवटी ठेवा, आणि "सांगायचे नाही" हाही एक पर्याय छापलेला असू द्या.

मग मिळालेले उत्तर धंद्याच्या गणितावर घासून पाहा. जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या धंद्याचे, उदाहरण घ्या. एका गाठीत १७० किलो रुई असते. कपाशीत रुईचा उतारा ३४ टक्क्यांच्या आसपास धरला तर एका गाठीला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. कुणी म्हणाले की हंगामात १ लाख २० हजार क्विंटल कापूस घेतला आणि ४० हजार गाठी बांधल्या, तर गणित जुळत नाही, कारण तेवढ्यात २४ हजारांच्या आसपासच गाठी होतात. इथे लगेच "हा खोटे बोलतो" असे ठरवू नका. एक आकडा या हंगामाचा आणि दुसरा गेल्या हंगामाचा असेल, किंवा बाहेरचा कापूस मजुरीवर जिनिंग करून दिला असेल. पुन्हा विचारा. तुरीच्या डाळ मिलमध्येही शंभर किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ हा अंदाज हाताशी ठेवला तर असा ताळा घेता येतो. विजेचे युनिट, पाळ्यांची संख्या, रोज निघणारे ट्रक यांवरूनही अंदाज बांधता येतो, मालकाच्या परवानगीने.

तीन वेगवेगळ्या वाटांनी आकडा जवळपास सारखा येत असेल तर तो अहवालात घ्या. येत नसेल तर दोन्ही टोके लिहा, "१८ ते २४ हजार गाठी" अशी. मधला एक आकडा निवडून तो पक्का असल्यासारखा मांडणे ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

किती लोकांना विचारले म्हणजे पुरे?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळलेला असला तरच. शिते किती घ्यायची याचे गणित सोपे आहे, ढवळण्याचे काम अवघड आहे.

गणित असे. ९५ टक्के खात्री आणि अधिक-उणे ५ टक्के चूक चालणार असेल, तर खूप मोठ्या लोकसंख्येसाठी ३८५ उत्तरे लागतात. गट लहान असेल तर ती कमी होतात: ३८५ ला (१ + ३८४ ÷ एकूण संख्या) याने भागा. शेतकरी कंपनीचे ६०० सभासद असतील तर ३८५ भागिले १.६४, म्हणजे २३५. त्याच गटात अधिक-उणे ८ टक्के चालत असेल तर १२० उत्तरांत भागते, १० टक्के चालत असेल तर ८३ मध्ये. बँकेच्या कर्जाच्या अहवालाला १२० नीट भरलेली उत्तरे पुरतात, असे आमचे मत आहे. घाईने भरलेल्या चारशे फॉर्मपेक्षा ती कितीतरी बरी.

दोन गोष्टी धरायला विसरू नका. चारपैकी एक जण नाही म्हणेल असे समजा. २३५ उत्तरे हवीत तर यादीतून ३१५ नावे काढावी लागतात. आणि अल्पभूधारक, मोठे शेतकरी अशा गटांवर वेगवेगळे बोलायचे असेल तर प्रत्येक गटात निदान ३० उत्तरे हवीत. सविस्तर मुलाखतींना हे गणित लागत नाही. बारा-पंधरा मुलाखतींनंतर नवे काही कानावर येईनासे झाले की थांबावे.

व्हॉट्सॲपच्या गटांवर गूगल फॉर्म टाकला, दोन हजार उत्तरे आली. चालेल ना?

दोन हजार हा आकडा मोठा दिसतो, पण ही माणसे कोण हे तुम्हाला माहीत नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून लँडन हा उमेदवार जिंकणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात त्याच्यासमोरचे रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. नावे घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातही बरे चाललेल्यांची. शिवाय उत्तर पाठवायची तळमळ असलेल्यांनीच ते पाठवले.

आपल्याकडे शेतकरी गटांवर टाकलेल्या फॉर्मचे तेच होते. स्मार्टफोन असलेला, मराठी वाचणारा, गटात बोलणारा शेतकरी उत्तर देतो. बटाईने करणारा, स्वतःचा फोन नसलेली बाई आणि सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरचा माणूस त्यात येत नाही. फॉर्म टाकायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरता. टक्केवारी काढायची ती यादीतून निवडलेल्या नमुन्यावरूनच.

यादीतून निवडायची सोपी रीत: ६०० नावे, १२० हवीत, म्हणजे दर पाचवे. १ ते ५ मधली एक चिठ्ठी काढा. ३ आला तर ३, ८, १३ असे पुढे जा. घरी कुणी नसेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा जा, शेजाऱ्याला विचारून फॉर्म भरू नका. सरपंच, एजंट किंवा कंपनीचा संचालक "मी चांगली माणसे बोलावतो" म्हणाला तर आभार माना आणि यादीप्रमाणेच चला. त्याने बोलावलेली माणसे त्याच्यासमोर त्याला आवडेल तेच बोलतील.

प्रश्नावली मराठीतच ठेवायची का? अहिराणीत विचारावे का?

कागद मराठीत ठेवा, विचारताना माणसाच्या बोलीत विचारा. धुळे-अमळनेर पट्ट्यात "कितला भाव भेटना?" म्हटले की जे मोकळेपण येते ते "आपणास प्राप्त झालेला दर" या शब्दांनी येत नाही. यावल-रावेरकडे लेवा बोली, शहाद्याकडे गुजरी, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात भिली आणि पावरी. नंदुरबार जिल्ह्यात २०११ ला दहापैकी जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची होती. तिथे फक्त मराठी बोलणारा पाहणीदार पाठवून "जिल्ह्याचे मत" लिहिणे अन्यायाचे आहे. पाहणीदाराने प्रत्येकाकडे वेगळे शब्द वापरू नयेत म्हणून बोलीतला प्रश्न एकदा ठरवून लिहून काढा. मग दुसऱ्याच माणसाकडून तो परत मराठीत सांगून घ्या. अर्थ सरकला असेल तर तिथेच कळते.

प्रश्न लिहिताना दोन चुका टाळा. "आमच्या कारखान्याने चांगला भाव दिला तर माल द्याल का?" याला सगळेच हो म्हणणार. त्याऐवजी "गेल्या हंगामात माल कोणाला दिला, आणि का?" असे विचारा. "खत आणि पाणी वेळेवर मिळते का?" हे दोन प्रश्न आहेत, ते तोडा. पूर्ण प्रश्नावली आधी आठ-दहा जणांवर चालवून पाहा. पंधरा मिनिटांवर जात असेल तर कात्री लावा.

पाहणीला केव्हा जावे?

कापूस वेचणी ऐन भरात असताना कपाशीवाल्याकडे जाऊ नका. तो तुम्हाला टाळण्यापुरते उत्तर देईल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणाला घरे भरलेली असतात, पण ती वेळ फॉर्म भरण्याची नाही. होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात. तेव्हाची विक्री पाहून वर्षाचा खप काढला तर तो फुगलेला निघेल.

सर्वांत मोठी चूक स्थलांतराची. दिवाळीनंतर नंदुरबार आणि साक्री भागातून कितीतरी कुटुंबे गुजरातकडे ऊसतोडीला जातात. जानेवारीत गेलात तर बंद घरे मिळतील आणि राहिलेल्या लोकांवरून काढलेले उत्पन्न, मजुरी, खर्च हे सगळे गावाचे नसून गावात थांबलेल्यांचे असेल. पाहणी पावसाळ्यात करा, किंवा किती घरे बंद होती ते अहवालात लिहा.

संमतीसाठी सही घ्यावीच लागते का?

सही हा एक मार्ग आहे. मूळ गोष्ट अशी की माणसाला समजून हो म्हणता आले पाहिजे आणि सहज नाही म्हणता आले पाहिजे. अनेकांना अनोळखी कागदावर सही किंवा अंगठा द्यायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. अशा वेळी तोंडी संमती घ्या आणि वेळ, तारीख, पाहणीदाराचे नाव नोंदवा. बोलण्याचा मजकूर साधारण असा ठेवा:

"मी अमुक संस्थेकडून आलो आहे. डाळ मिलच्या अहवालासाठी माहिती घेतो आहे. पैसे अमुक देत आहेत. पंधरा मिनिटे लागतील. तुमचे नाव अहवालात येणार नाही. नको वाटला तो प्रश्न सोडा, मध्येच थांबायचे असेल तरी थांबा. याने कर्ज किंवा अनुदान मिळेल असे नाही."

शेवटचे वाक्य गाळू नका. फॉर्म भरला म्हणजे योजना आली, असे गावात चटकन पसरते आणि मग माणसे गरज वाढवून सांगतात. आवाज नोंदवायचा किंवा फोटो काढायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी घ्या. कामगारांना विचारत असाल तर मुकादम किंवा मालक समोर नको.

कायद्याच्या बाजूने, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधन आणि सांख्यिकीसाठी त्यात काही सूट आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल तेव्हाच. पाहणीत मिळालेले नंबर नंतर विक्रीच्या फोनसाठी वापरले की ही सूट उरत नाही. १८ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय नको. आधार कार्डाची छायाप्रत तर मागूच नका, तिचा अहवालाला काही उपयोग नसतो.

नावे काढून टाकली की ओळख लपते ना?

लहान तालुक्यात लपत नाही. "तालुक्यातील एकमेव स्टार्च कारखान्याच्या व्यवस्थापकाने सांगितले" असे लिहिले की नाव लिहिल्यासारखेच झाले. पद, गाव, धंदा आणि वय या चारांपैकी तीन गोष्टी जरी एकत्र आल्या तरी ओळखणारे ओळखतात. गाव काढून तालुका लिहा, तालुका काढून जिल्हा लिहा, वय गटात द्या. तक्त्यातल्या एखाद्या चौकोनात पाचपेक्षा कमी माणसे उरत असतील तर तो चौकोन शेजारच्यात मिसळा. अहवालात आकड्याची तारीख दिसली पाहिजे, माणूस दिसता कामा नये.

नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून ठेवा आणि फॉर्मवर फक्त क्रमांक टाका. भरलेल्या फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲपवर टीममध्ये फिरवण्याची सवय फार वाईट आहे. ते किती फोनमध्ये राहतात याचा पत्ता लागत नाही.

स्पर्धकाची माहिती ग्राहक बनून काढली तर?

दुकानात जाऊन पाटीवरचा भाव पाहणे, छापील दरपत्रक घेणे, संकेतस्थळ वाचणे, जीएसटी क्रमांक खरा आहे का ते पोर्टलवर पाहणे, यात गैर काही नाही. खोट्या नावाने मोठ्या ऑर्डरचे आमिष दाखवून खरेदी भाव आणि ग्राहकांची यादी काढणे ही फसवणूक आहे. त्याच्या कामगाराला पैसे देऊन कागद मिळवणे तर गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. यात व्यवहाराचाही मुद्दा आहे: एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात, एकदा कळले की पुढच्या पाहणीला कुणी दार उघडणार नाही. खुलेपणाने विचारले तर स्पर्धकही धंद्याची सर्वसाधारण स्थिती बऱ्यापैकी सांगतो. जुना नोकर मुलाखत देत असेल तर त्याने आधीच्या मालकाची गुप्त माहिती सांगू नये, हे सुरुवातीलाच बोलून घ्या.

मालक म्हणतो, मागणीचा आकडा थोडा वाढवा, नाहीतर कर्ज मिळणार नाही.

वाढवू नका. पीएमईजीपीसारख्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या) योजनेत उत्पादन उद्योगाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाचा २० लाखांपर्यंत जातो. वाढवलेल्या मागणीवर तेवढे यंत्र घेतले की हप्ते खऱ्या विक्रीतूनच फेडावे लागतात. नुकसान त्याच मालकाचे आणि त्याच्या घराचे होते, हे त्याला आकडे मांडून दाखवा. एकाऐवजी तीन हिशेब करा: यंत्र ४० टक्के क्षमतेने चालले तर, ६० टक्के चालले तर, ७५ टक्के चालले तर. कोणत्या क्षमतेला हप्ता निघतो ते ठळक लिहा. बँकेच्या अधिकाऱ्यालाही एका गुळगुळीत आकड्यापेक्षा हा तक्ता जास्त विश्वासाचा वाटतो.

प्रतिकूल उत्तरेही अहवालात गेलीच पाहिजेत. ४० टक्के शेतकरी माल द्यायला तयार नसतील तर ते सारांशातच यावे, परिशिष्टात दडवू नये. आणि अहवाल लिहिणाराच यंत्राचा विक्रेता किंवा त्याचा दलाल असेल, तर हे नाते पहिल्या पानावर लिहिले पाहिजे.

सरासरी आणि टक्केवारीत काय सांभाळावे?

पाच दुकानांचा महिन्याचा गल्ला २, २, ३, ३ आणि ४० लाख असेल तर सरासरी १० लाख येते, आणि तेवढा गल्ला कुणाचाच नसतो. अशा ठिकाणी मधले मूल्य द्या, म्हणजे ३ लाख. हिस्सा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला तर वाढ ३ टक्केबिंदूंची आहे किंवा मूळ हिश्शाच्या २५ टक्के आहे, "३ टक्के वाढ" नाही. आठ जणांना विचारून "७५ टक्के लोकांच्या मते" असे लिहू नका, "आठपैकी सहा" लिहा.

दुसऱ्याचा मजकूर किती घेतला तर चालतो?

कॉलेजच्या प्रकल्पाबद्दल विचारत असाल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. पण टक्केवारी सांभाळण्यासाठी शब्द उलटसुलट करणे म्हणजेही चोरीच. कल्पना आणि आकडा ज्याचा, त्याचे नाव द्या. आकड्याखाली संस्था, प्रकाशनाचे नाव, वर्ष, पान आणि संकेतस्थळ असल्यास पाहिल्याची तारीख लिहा. वर्तमानपत्रातल्या बातमीत सरकारी आकडा असेल तर मूळ सरकारी कागद शोधून तोच पाहा. उतरवताना शून्य गळणे आणि लाखाचे दशलक्ष होणे, हे वरचेवर घडते.

एआयकडून अहवाल लिहून घेतला तर?

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा, भाषांतर, तक्त्याची मांडणी यांसाठी मदत घ्या. आकडे आणि संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. अशी साधने अस्तित्वात नसलेला अहवाल, नाव आणि वर्षासकट, खऱ्यासारखा लिहून देतात. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिलेला हवा. उत्तरदात्यांची नावे, फोन, कारखान्याचे हिशेब अशा साधनांत चिकटवणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. आणि मदत घेतली असेल तर कुठे घेतली ते एका ओळीत सांगा.

उत्तर देणाऱ्याला काही द्यावे का?

मजुराचा अर्धा दिवस मोडत असेल तर त्याची मजुरी भरून द्यावी, आणि ती सगळ्यांना सारखी. चहा-नाश्ता चालतो. उत्तर आवडले म्हणून जास्त देणे किंवा संचालकाला भेटवस्तू देणे नको. दिलेले पैसे अहवालाच्या पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा.

काम झाल्यावर फॉर्मचे काय करायचे?

किती दिवस ठेवणार ते संमती घेतानाच सांगितलेले असावे. कर्जाच्या अहवालाला कर्ज मंजूर होईपर्यंत आणि शंका-समाधानासाठी पुढचे काही महिने पुरतात. नंतर नावांची यादी आधी नष्ट करा, क्रमांकांवरचे आकडे ठेवले तरी चालतात. कागद रद्दीत घालू नका, फाडून किंवा जाळून टाका. पाहणीदारांच्या फोनमधले फोटो आणि ध्वनिमुद्रणे पुसली का, ते समोर बसून तपासा. आणि ज्या गावात पाहणी केली तिथे दोन पानांचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत किंवा कंपनीच्या सभेत वाचून दाखवा. चुकीचा भाव किंवा चुकीचे अंतर लिहिले गेले असेल तर ते दुरुस्त करणारी माणसे त्याच खोलीत बसलेली असतात, म्हणून हे वाचन अहवाल छापायच्या आधी ठेवा.